आजी, जेवलात का?

आमच्या स्किल लॅबमधल्या बाईचे डोळे निळे आहेत. केस सोनेरी होते, ते मी काळ्या विगखाली झाकले. कपाळाला टिकली, हातात हिरव्या बांगड्या आणि सासूबाईंचं धुऊन धुऊन मऊ झालेलं एक जुनं सुती पातळ. नेसवलं असं म्हणवत नाही, गुंडाळलं. तिची कंबर धड वाकत नाही, त्यामुळे निऱ्या खोचायच्या कुठे हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. सेफ्टी पिना मारल्या आणि वरून चादर ओढली.

मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी अकरा वर्षं वॉर्डात काढली. आमची मुलं-मुली या बाईला 'डमी' म्हणतात, कागदोपत्री ती 'मॅनिकिन' आहे. तिची छाती श्वासाबरोबर वरखाली होते, मनगटाला आणि मानेत नाडी लागते, बीपी घेता येतं, हाताला सलाईन लावता येतं. हे सगळं पलीकडच्या खोलीतून, काळ्या काचेआड बसून, कॉम्प्युटरवर चालवायचं. तिच्या घशात कंपनीने भरून दिलेले आवाजही आहेत. खोकला, ओकारी, कण्हणं आणि एक 'आऊच'. आता मुळशी तालुक्यातली बासष्ट वर्षांची बाई 'आऊच' कशाला म्हणेल? 'आई गं' म्हणेल. बहुतेकदा तेही म्हणणार नाही, नुसता ओठ दाबेल. म्हणून ठरलं की बाईचा आवाज मी व्हायचं. काचेआड माइक असतो, मी बोलले की शब्द तिच्या तोंडून बाहेर पडतात.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं हे पहिलं मोठं सिम्युलेशन. चौघांचा गट, एक पेशंट, पंधरा मिनिटं. आत काय होणार ते आधी सांगायचं नाही. मग पंधरा मिनिटं झाली की बाहेर गोल करून बसायचं आणि काय झालं ते बोलायचं, त्याला डीब्रीफिंग म्हणतात आणि त्याला सिम्युलेशनच्या दुप्पट वेळ द्यायचा. भारतीय नर्सिंग परिषदेने सेमिस्टरवाल्या नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली आणि आमची धावपळ सुरू झाली. डमी आली, काच बसली, एसी बसला. पेशंट कुठून आणायचा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बाहुल्या तशा नर्सिंगला नव्या नाहीत. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाच्या मापाची एक बाहुली करून दिली. तिला सगळे मिसेस चेस म्हणू लागले. आमच्या लॅबच्या कोपऱ्यात सीपीआर शिकवायची जी नुसती धडाची ॲनी पडलेली असते, ती १९६० साली नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्या माणसाने, आसमुंड लार्दालने काढली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. ती मुलगी सीन नदीत बुडून मेली असं सांगतात. दरवर्षी शंभरेक मुलं तिच्या छातीवर दाब देतात आणि घाम पुसत बाजूला होतात. ती कोण होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

मिसेस चेस तिकडे रुजू होत होती त्याच सुमाराला इकडे रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाच्या मुली ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या होत्या. त्यांत विधवाही होत्या. त्यांच्यासाठी बाहुली नव्हती, थेट माणसंच. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, हीच त्यांची पहिली परीक्षा असणार. आमच्या हॉलमध्ये नाइटिंगेलबाईंच्या शेजारी सावित्रीबाईंचा फोटो आहे. १८९७च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई, ज्या १० मार्चला त्याच प्लेगने गेल्या. दरवर्षी आम्ही त्या फोटोला हार घालतो आणि खाली येऊन मुलींना सांगतो, 'ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही.' दोन्ही बरोबरच आहे म्हणा. पण कधीकधी आमची मुलं नाडी बघायलाही हात पुढे करत नाहीत, मॉनिटरवरचा आकडा वाचतात. हे मला खुपतं.

असो. सिनॅरिओ लिहायचा एक ठरलेला फॉर्म असतो. मी निवडली मधुमेही पेशंटची साखर एकदम उतरण्याची केस. वय ६२, नऊ वर्षं मधुमेह, पायाची जखम चिघळली म्हणून दाखल, सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली. संध्याकाळी सात वाजता बीपी १००/६०, नाडी ११२, अंगाला घाम, साखर ४८. सत्तरच्या खाली गेली की हालचाल करायची असते. पेशंट शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ग्लानीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. मग डॉक्टरांना सांगून शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण. आणि साखर वर आली म्हणून पाठ फिरवायची नाही, या गोळीचा अंमल तासन्‌तास राहतो, साखर पुन्हा घसरू शकते.

एवढं भरायला वीस मिनिटं लागली. त्याच्यापुढे एक रिकामा रकाना होता, 'पेशंटचे संवाद'. तिथे मी चार दिवस अडकले.

नमुन्याच्या फॉर्मवर इंग्रजीत होतं, मला थरथरल्यासारखं वाटतंय, घाम येतोय, भूक लागली आहे. इतकं सुबक सांगणारा पेशंट मला अकरा वर्षांत भेटला नाही. आपल्याकडे 'कसंनुसं होतंय' असतं. 'हातपाय गळाल्यात', 'डोळ्यापुढं अंधारी येतीया', 'पोटात खड्डा पडलाय', 'जीव नुसता वरखाली होतोय'. आणि या सगळ्यावर पांघरूण घालणारं एकच वाक्य, 'पित्त चढलंय'. जागरणापासून हार्ट अटॅकपर्यंत आपल्याकडे सगळं आधी पित्तच असतं.

दुखण्याचंही तेच. मुलांना शिकवलेलं असतं की वेदना शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारायची. विचारावी, नोंदीला आकडा लागतो. पण ठणकतंय, ठसठसतंय, चमक मारतेय, कळ येतेय, आग होतेय, मुरडा येतोय, भणभणतंय, या शब्दांत आकड्यापेक्षा जास्त माहिती असते. जखम ठसठसतेय म्हटलं की मला पू आठवतो, पायात चमक मारली म्हटलं की शीर. वॉर्डात पेशंट गावच्या मराठीत बोलतो, डॉक्टरशी आपण अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या इंग्रजीत बोलतो आणि लिहितो सगळं इंग्रजीत. 'अंग मोडून आलंय' हे फाइलपर्यंत पोचेतो 'वीकनेस' झालेलं असतं.

हीच केस मी का घेतली, ते सांगायला हवं.

वीसेक वर्षं झाली. एका हॉस्पिटलात मी नवी स्टाफ नर्स होते, फीमेल सर्जिकल वॉर्ड, दुपारची ड्युटी. सतरा नंबरला मुळशीकडच्या एक आजी, पायाची जखम. भाताच्या लावणीत काहीतरी रुतलं होतं आणि महिनाभर त्यांनी त्यावर हळद दाबली होती. दोनला मी ड्युटीवर आले, राउंड घेतला. सतरा नंबरशी आल्यावर विचारलं, "आजी, जेवलात का?" म्हणाल्या, "व्हय." मी लिहिलं, 'डाएट टेकन', आणि अठरा नंबरकडे वळले. सातच्या सुमाराला आमच्या वॉर्डातल्या मावशी आल्या. "सिस्टर, त्या सतराच्या आजी काहीबाही बोलत्यात." जाऊन बघते तर त्या कुठल्याशा बैलाला हाकत होत्या. पदर घामाने भिजलेला. हात धरला तर निसटावा इतका ओला.

डॉक्टर धावत आले, साखर पाहिली, डेक्स्ट्रोज गेलं. काही मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर पदर डोक्यावर ओढला. उशी सारखी करायला गेले तर खाली वर्तमानपत्रात बांधलेली दोन केळी आणि खजुराची पुडी. त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवला की सोडणार होत्या. गोळी मात्र सकाळी इमानाने घेतलेली, औषधाला उपास आड येत नाही म्हणून.

मी म्हटलं, "मग जेवले म्हणून का सांगितलंत?"

"तुमी रागं भरल्या असत्या."

मग थोड्या वेळाने, डॉक्टरांकडे न बघता, हळूच, "उपास मोडला का वो, सलाईनीनं?"

डॉक्टर पोरगेलेसे होते, पण क्षणभरही न थांबता म्हणाले, "सलाईन उपासाला चालतं, आजी." त्या माणसाने पुढे काय केलं माहीत नाही, पण हे उत्तर त्याला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नसणार.

मला कुणी बोललं नाही. फाइलमधला तो कागद कुणी उलटूनही पाहिला नाही. माझ्या अक्षरातलं 'डाएट टेकन' तसंच राहिलं. 'जेवलात का?' हा आपल्याकडे प्रश्न नसतोच, 'राम राम'सारखं असतं ते. त्याचं उत्तर 'हो'. आणि मी ते उत्तर माहिती म्हणून लिहून घेतलं होतं.

तर या आजी मला डमीत घालायच्या होत्या. संवाद लिहिले आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवले. काका ऐंशीच्या घरातले, पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, पहिल्या काही वर्षांत एकांकिका केलेले, आणि त्या काळातल्या बक्षिसांचे निकाल अजून मान्य नसलेले. मी कण्हत, थरथरत दोन वाक्यं म्हटली. त्यांनी हात वर केला.

"बास. ही बाई दुखणं लपवतेय ना?"

"हो."

"मग तुम्ही दाखवताय कशाला? लपवा. लपवताना जेवढं निसटेल तेवढंच बाहेर येऊ द्या."

मी त्यांना सांगितलं, की करंडक सुरू झाला त्याच वर्षी, १९६३ला, तिकडे लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूच्या डॉक्टरने एका धडधाकट बाईला पेशंटचं काम शिकवलं आणि विद्यार्थ्यांपुढे बसवलं. वैद्यकीय शिक्षणात तिथून पुढे असे पेशंट रुळले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं पारितोषिक कुणाला?"

पाठांतर मी बसमध्ये करत असे. हडपसरहून स्वारगेटला येताना भरपूर वेळ मिळतो, रस्त्याची कृपा. एका सकाळी फातिमानगरच्या सिग्नलला गाडी तुंबलेली, मी खिडकीशी, डोळे मिटून पुटपुटत होते, "काय न्हाई वो... जरा अंधारी येतीया... व्हईल बरं..." शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक बाई होत्या. कोपराला स्पर्श झाला म्हणून डोळे उघडले तर समोर लिमलेटची गोळी.

"घ्या. साखर उतरली आसंल. आमच्या धाकल्या जावंला बी आसंच व्हतं."

मी काय सांगणार? घेतली आणि चघळली. बाईंनी माझ्या कपाळाला उलट्या हाताने शिवून पाहिलं, घाम नाही म्हणून जराशा गोंधळल्या, पण स्वारगेट येईपर्यंत अधूनमधून माझ्याकडे बघत राहिल्या. उतरताना बजावलं, "उपाशी निगू नगा घरनं." निदान आणि उपचार मिळून दहा सेकंद लागले असतील. आमच्या मुलांना आम्ही पंधरा मिनिटं दिली होती.

बाकीच्या तयारीत मात्र माझी फजितीच जास्त. घाम सोपा, ग्लिसरीन आणि पाणी स्प्रेच्या बाटलीत. मारला की थेंब धरून राहतात, पटकन वाळत नाहीत. कपाळावर आणि मुद्दाम तळहातावर मारायचा, कारण चादरीखालचा तळहात कॅमेऱ्यातही दिसत नाही आणि पायथ्याशी उभं राहूनही दिसत नाही. पायाची जखम करायला मी व्हॅसलिनमध्ये मैदा कालवला आणि रंगाला हळद-कुंकू घातलं. जखम इतकी छान झाली की मी फोटो काढला. पुसायला गेल्यावर कळलं, की डमीच्या कातडीला हळद धरते आणि सोडत नाही. लॅबच्या इनचार्ज मॅडम माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचंही खरं, डमीची किंमत माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त आहे. आता आमच्या निळ्या डोळ्यांच्या बाईचा डावा पाय कायमचा पिवळा आहे. वर बँडेज बांधलंय. जखमेला वास यावा म्हणून दोन दिवसांचं आंबलेलं ताक वाटीत घालून पलंगाखाली ठेवायची माझी कल्पना होती. एसीने तो वास थेट प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनपर्यंत नेला. वाटी गेली.

जेवणाचा ट्रे झाकून कडेला ठेवला, आतलं जेवण न हललेलं. भिंतीवर कालनिर्णय टांगलं, चतुर्थीच्या चौकोनाला पेनाने गोल केला. उशीखाली वर्तमानपत्रात दोन केळी. साखर तपासायला डमीचं बोट टोचून उपयोग नसतो, म्हणून त्यांनी टोचल्याची कृती केली की आकडा मी स्पीकरवर सांगायचा. टोचलं नाही तर आकडा नाही.

पहिला गट आत आला. तीन मुली, एक मुलगा. घरच्यासारखं सांभाळा असं मी आधी सांगितलं होतं, तरी पुढची मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "नमस्कार, आज मी आपली काळजी घेणार आहे." विमानात सूचना देतात त्या सुरात. मी म्हटलं, "बरं." नाव विचारलं, हातावरचा पट्टा वाचला. सगळं चेकलिस्टप्रमाणे. मग चौघं मॉनिटरसमोर जमले, जसे मॅचच्या वेळी टीव्हीच्या दुकानासमोर जमतात.

"आजी, दुखतंय का? शून्य ते दहामध्ये किती?"

"धापैकी? मला कुठं साळंत घातलंय आता."

काचेआड माझी सहकारी हसू दाबत होती. तिला पुढे डॉक्टरचं काम करायचं होतं, फोनवरून.

"आजी, जेवलात का?"

मी म्हटलं, "व्हय."

आणि काचेतून मला दिसलं, तिने वर न बघता बरोबरची खूण केली. तिचं पेन कागदावरून उचललं गेलं तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. माइक चालू होता म्हणून गप्प बसले.

सात मिनिटं गेली. नाडी मी १२० केली. कुणीतरी म्हणालं, "ताप आहे का?" कुणीतरी म्हणालं, "इन्फेक्शन असेल, पाय बघ ना." बँडेज बघून झालं. तळहाताला कुणी शिवलं नाही. मी शब्द जड करत नेले, "पित्त चढलंय जरा... पडू द्या मला..." तेवढ्यात तो मुलगा भिंतीकडे वळला. कालनिर्णयासमोर उभा राहिला आणि तिथूनच विचारलं, "आजी, आज चंद्र कितीला आहे?"

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. चेकलिस्टवर तर नव्हताच. माझ्या तोंडून सरळ निघून गेलं, "नऊ सतराला."

"म्हणजे अजून दोन तास. सकाळची गोळी घेतलीत?"

"गोळी न्हाई चुकवत मी कधी."

मला वाटलं, सुटली केस. पण त्या आनंदात पोराने साखरेचं पाणी केलं आणि ग्लास थेट आजींच्या ओठाला लावला. एव्हाना अकरा मिनिटं झाली होती, आजींचे डोळे मी अर्धे मिटवले होते, त्या हाकेला नीट ओ देत नव्हत्या. तोवर एक शब्द न बोललेल्या मुलीने त्याचं मनगट धरलं. "तोंडातून नको. ठसका लागेल."

मग फोन. डॉक्टरला पेशंटची हकिगत सांगायची आमची एक रीत आहे, एसबीएआर. आत्ता काय झालंय, मागचं काय आहे, मला काय वाटतं, मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. ही रीत अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांमधून दवाखान्यांत आली. पाणबुडीत ती नक्कीच चांगली चालत असणार. आमच्या पोराने फोन उचलला आणि म्हणाला, "सर, पेशंट... सर, आज संकष्टी आहे."

पलीकडून माझी सहकारी, तिला डॉक्टरचा सूर सांभाळवेना, "काय?"

"चतुर्थी आहे सर. चंद्र उगवला नाहीये अजून."

"शुगर किती आहे?"

शांतता. शुगर कुणी बघितलीच नव्हती. चौघंही ग्लुकोमीटरकडे धावले. मी ४१ सांगितली.

नंतर गोल करून बसलो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला आला, "मॅडम, मार्क गेले का?" याला मार्क नाहीत हे तिसऱ्यांदा सांगितलं, तरी कुणाचा विश्वास बसलेला दिसला नाही. चंद्राचं कसं सुचलं म्हणून मी त्या मुलाला विचारलं. म्हणाला, "आमच्यात आजीला चतुर्थीला कुणी जेवलीस का विचारत नाही. चंद्र कितीला, असंच विचारतात." गिळण्याचं ओळखणाऱ्या मुलीला ते वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये कळलं होतं, एका पेशंटला ठसका लागलेला तिने पाहिला होता. त्यावर तिला आणखी बोलायचं नव्हतं. मी खोदलं नाही.

मग पुढची मुलगी, विमानातली, जरा घुश्शातच म्हणाली, "पण मॅडम, पेशंट खोटं का बोलली? जेवले म्हणून?"

"तुम्ही रागावाल म्हणून."

"आम्ही कुठे रागावलो?"

मी व्हिडिओ मागे नेला आणि तेवढाच तुकडा लावला. तिचा आवाज, 'आजी, जेवलात का?' खाली घातलेली मान, चालणारं पेन. तिने तो दोनदा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सतरा नंबरचं मी तिथे सांगितलं नाही. तिच्या वयाची असताना माझं पेनही असंच चाललं होतं, एवढं सांगितलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं का? की मलाच? अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा गट. खरं तर सिनॅरिओबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घ्यायला लावतो आम्ही, कागदावर सही घेतो. पण हॉस्टेलमध्ये एका खोलीत चार मुली राहतात आणि सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे.

चार मुली आत आल्या. नमस्कार नाही, नाव नाही, पट्टा नाही. एक सरळ उशीशी. "आजी, संकष्टी ना आज? केळी कुठायत?"

तिचा हात उशीखाली गेला आणि रिकामा बाहेर आला. केळी काळी पडली म्हणून मी ती सकाळीच टाकून दिली होती आणि नवी आणायची राहून गेली होती. आम्ही काचेआड दोघी एकमेकींकडे बघतोय. सहकारी कुजबुजली, "आता?"

मी माइक ओढला. "कसली चतुर्थी, बाय? काल झाली की. आज दोन येळा जेवलेय मी."

चौघी जागच्या जागी थांबल्या. एकीने कालनिर्णयाकडे पाहिलं. एकीने फाइल उघडली आणि मिटली. मॉनिटर टुकटुकत होता, नाडी ११२. मी पुढचं काही बोलले नाही, माझ्याकडेही पुढचं नव्हतं. बराच वेळ गेला असं वाटलं, घड्याळात अर्धं मिनिट असेल. मग खिडकीकडच्या मुलीने चादर जराशी बाजूला केली, आजींचा हात आपल्या हातात घेतला आणि तिथेच थांबली. हात तसाच धरून तिने दुसऱ्या हाताची बोटं आजींच्या तळव्यावरून फिरवली, आणि ती उजेडाकडे धरून पाहिली. ओली होती.